दिवा का लागत नाही?



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय ऐकता, अर्थकारण ऐकता, देशोदेशींचे राजकारण ऐकता. आज आम्ही जो प्रश्न घेऊन आलो आहोत तो एका ओळीचा आहे : सिनेमाचे जुने मशीन चालू केले, मोटर फिरू लागली, आणि दिवा मात्र लागत नाही, तर काय करावे? हा प्रश्न एखाद्या मेकॅनिकला विचारावयाचा, व्याख्यानात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे उत्तर असे की, आम्ही जवळजवळ तीस वर्षे सिनेमागृहांतील कामगारांमध्ये संघटनेचे काम केले, आणि या एका प्रश्नावरून पगार कापले गेलेले आणि नोकऱ्या गेलेल्या आम्ही पाहिल्या. या प्रश्नाचे उत्तर घाईने दिल्यामुळे जगात माणसे मेल्याचीही नोंद आहे. ज्या प्रश्नाला इतके मोल मोजावे लागते तो लहान कसा म्हणावा?

आमचे शाळेतले शिक्षण थोडेच झाले. पुढचे काही सार्वजनिक वाचनालयात झाले आणि बाकीचे थिएटरच्या केबिनमध्ये, ऑपरेटरच्या शेजारी उभे राहून. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यातले पुस्तकी थोडे, हाताने पारखलेले अधिक आहे.

आपल्या शहराला हा विषय परका नाही. सीताबर्डीच्या चौकाला आपण व्हरायटी चौक म्हणतो, ते एका सिनेमागृहाच्या नावावरून. आनंद टॉकीजचे नाव तर रस्ता सांगताना सहज तोंडी येते. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. त्या सव्वाशे वर्षांतील उत्तरार्धात गिरणीची पाळी सुटल्यावर कामगाराची पावले ज्या दोनचार ठिकाणी वळत, त्यांत थिएटरची खिडकी एक असे. पडद्यावर कोण होते ते त्या सर्वांना आठवते. पण मागच्या भिंतीतील चौकोनी भोकातून तो उजेड पाठविणारा कोण होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. दिवा गेला की मात्र सारे थिएटर मागे वळून त्याच्याच नावाने शिट्या वाजवी. उजेड आहे तोवर तो माणूस कोणाला दिसत नसे. अंधार झाला की तेवढा तोच दिसे.

सिनेमा म्हणजे मुळात दिव्याचीच करामत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून दाखविली. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली. त्या दिवसापासून फिल्मच्या शेवटच्या रिळापर्यंत तत्त्व एकच राहिले. एका सेकंदाला चोवीस चित्रे दिव्यापुढे क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. बोलपटाची गती ती हीच. मोटर, दातेरी चाके, भिंगे ही सारी त्या दिव्याची चाकरी करतात. म्हणून दिवा लागला नाही तर बाकी यंत्र कितीही उत्तम असो, त्याचा उपयोग नाही.

हा दिवा तीन जातींचा असे. शाळा, सरकारी प्रचाराच्या गाड्या, संस्था यांच्याकडे सोळा मिलिमीटरचे छोटे मशीन असे. त्यात टंगस्टनच्या तारेचा साधा पण जबर दिवा, साडेसातशे किंवा हजार वॉटचा. थिएटरांत आणि जत्रेतल्या तंबूंत पस्तीस मिलिमीटरचे मोठे मशीन. त्यात पूर्वी कार्बनचा आर्क जळे. आणि १९५० नंतरच्या दशकांत आर्कची जागा हळूहळू झेनॉनच्या दिव्याने घेतली. तिघांची प्रकृती वेगळी, दुखणी वेगळी. पण तपासण्याची रीत एकच, आणि ती रीत हाच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

आमच्या संघटनेत एक वयोवृद्ध ऑपरेटर होते; सगळे त्यांना मामा म्हणत. केबिनमध्ये नवे पोर शिकायला आले, दिवा लागला नाही, आणि पोराने तडक लॅम्पहाऊसचे झाकण उघडले, की मामा त्याचा हात धरीत. म्हणत, "बाबू, दिव्याले हात नको लावू. आधी मले सांग, काय काय चालू आहे?" पोर गोंधळून म्हणे, "मामा, बंद तर दिवा पडला ना जी." मामा म्हणत, "दिवा सगळ्यात शेवटी राहते. वीज कुठून येऊन राहिली, अन् कुठं अडून राहिली, ते पाह्य आधी."

या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले. जे बंद आहे त्याच्याकडे पाहण्याआधी जे चालू आहे त्याची यादी करा. ही यादी फुकट मिळते. तिला ना पाना लागतो, ना पक्कड. छोट्या मशीनचेच उदाहरण घेऊ. मोटर फिरते का? आवाजासाठी एक लहानसा वेगळा दिवा असतो, तो लागतो का? स्पीकरमधून घरघर येते का? यांतले काहीच चालत नसेल, तर दोष मशीनच्या बाहेर आहे : भिंतीतील सॉकेट, फ्यूज, दोरी, किंवा मधला ट्रान्सफॉर्मर. मोटर फिरते आणि आवाजही येतो, पण मुख्य दिवा तेवढा लागत नाही, तर वीज मशीनपर्यंत पोचली आहे; ती आतल्या वाटेवर कोठेतरी अडली आहे. एका मिनिटात निम्मे मशीन संशयातून मोकळे झाले!

आता दुसरे पाऊल. प्लग भिंतीतून काढून हातात घ्या. नुसते बटन बंद करून भागत नाही. कारण जुन्या मशीनचे बटन कित्येकदा दोन तारांपैकी एकच तोडते, आणि ती नेमकी चुकीची असली तर दिव्याच्या होल्डरात वीज तशीच उभी राहते. मग दिवा थंड होऊ द्या. साडेसातशे वॉटचा दिवा विझल्यावरही बराच वेळ बोट भाजतो.

तिसरे पाऊल, दिव्यावर छापलेला आकडा वाचा. बाहेरून आलेली पुष्कळ मशीने एकशे दहा व्होल्टची असत. आपल्याकडे वीज दोनशे तीस व्होल्टची. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच. एकशे दहाचा दिवा थेट दोनशे तीसवर लावला तर तो एकदाच लखकन् पेटतो आणि कायमचा जातो. उलट दोनशे तीसचा दिवा एकशे दहावर लावला तर तो नुसता लालसर धुमसतो, आणि पाहणारा म्हणतो की दिवा जुना झाला. दिवा जुना नसतो. त्याला पोटभर मिळत नसते.

चौथे पाऊल, दिवा काढून मीटरने तपासा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. काच काळवंडलेला दिवा कधीकधी आणखी पन्नास खेळ काढतो आणि दिसायला लख्ख असलेल्या दिव्याची तार एखाद्या केसाएवढ्या फटीने तुटलेली असते. येथे एक गंमत सांगतो. एकशे दहा व्होल्ट, साडेसातशे वॉटच्या दिव्याचा विजेला होणारा रोध पेटलेला असताना सोळा ओहमच्या आसपास असतो. हे गणित शाळेतला मुलगाही करील. पण तोच दिवा थंड असताना मीटरवर एखादाच ओहम दाखवितो. नवशिक्याला वाटते, दिवा शॉर्ट झाला, आणि तो चांगला दिवा फेकून देतो. वस्तुतः टंगस्टनची तार थंडीत विजेला मोकळी वाट देते आणि तापली की अडविते. म्हणूनच दिवे बहुधा बटन दाबण्याच्या क्षणी जातात. थंड तारेत पहिल्या झटक्याला नेहमीच्या कितीतरी पट वीज घुसते.

दिवा शाबूत निघाला तर पाचवे पाऊल होल्डर. उष्णतेने त्याच्या तळाची स्प्रिंग मऊ पडते, टोक काळे पडते, वीज तेथेच अडते. बारीक पॉलिशपेपरने ते टोक साफ केले, स्प्रिंग नीट बसविली, की निम्म्याहून अधिक 'मेलेली' मशीने उठून बसतात. होल्डरकडे येणाऱ्या तारांचे आवरण हाताला भुरभुरते का ते पाहा. मात्र फार जुन्या मशीनमध्ये ते आवरण अॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते खरवडू नका, फुंकर मारू नका. त्याची धूळ छातीत जाऊन बसते आणि तिचे परिणाम वीसतीस वर्षांनी दिसतात. ज्यांनी आयुष्यभर त्या तारा दातांनी सोलल्या त्यांना हे कोणी सांगितले नाही, हेही येथे नोंदून ठेवतो.

सहावे पाऊल बटन. पुष्कळ मशीनांत दिव्याचे बटन मोटरच्या बटनाशी बांधलेले असते : आधी मोटर, म्हणजे आधी पंखा, आणि मगच दिवा. ही अडवणूक मुद्दाम केलेली आहे. पंखा नसेल तर दिवा स्वतःच्या उष्णतेने फुगतो, आणि थांबलेली फिल्म त्याच्यापुढे जळते. तेव्हा बटनाचा काटा जळाला असेल तर बटन बदला. त्याला वळसा घालून दिवा थेट तारेला जोडू नका. त्याने आजचा खेळ होईल, पण उद्याचे मशीन उरणार नाही.

मोठ्या मशीनच्या कार्बन आर्कची गोष्ट निराळी. तेथे दिवा म्हणून काही वस्तूच नाही. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, त्यांना एकाच दिशेने वाहणारी वीज. टोकाला टोक भिडवावयाचे, किंचित दूर करावयाचे, की मधल्या फटीत ज्वाळा उभी राहते. तिची उष्णता तीन हजार अंशांच्या वर. ती काळ्या काचेतून पाहावयाची, नाहीतर डोळे गेलेच. आर्क पेटत नसेल तर ऑपरेटर आधी रेक्टिफायर पाहतो. कारण घरची वीज उलटसुलट वाहते, तिला एका दिशेने वळविणारा तोच. मग कांड्या धरणारे जबडे पाहतो, ते जळून खडबडीत झाले का. मग कांड्या ओल धरून बसल्या का. नागपूरच्या पावसाळ्यात हे ठरलेले. मग धन आणि ऋण टोकांची अदलाबदल झाली का. आणि पेटल्यावरही सुटका नाही. कांड्या जळून आखूड होतात, फट वाढते, ज्वाळा थरथरते. म्हणून माणसाला तिच्याशेजारी उभे राहून फट राखावी लागे. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. तेवढ्यात दुसरे मशीन तयार हवे. उन्हाळ्यातल्या नागपुरात, पत्र्याच्या छताखाली, धुराड्यातून पुरता न जाणारा तो धूर छातीत घेत, ज्याने रोज तीन-चार खेळ केले त्याला आपण 'फिल्म दाखविणारा' म्हणत आलो. तो दिवा दाखवीत नव्हता. तो दिवा मिनिटामिनिटाला घडवीत होता.

झेनॉनचा दिवा शांत वाटतो, पण आतून दबलेला असतो. त्याच्या काचेत वायू कित्येक वातावरणांच्या दाबाने कोंडलेला. तापला की तो दाब आणखी वाढतो. म्हणून तो हाताळताना तोंडावर जाळी, हातात जाड मोजे, आणि काचेला उघडे बोट लावावयाचे नाही. बोटाचा तेलकट डाग तापून काचेला दुबळी करतो. तो पेटण्यासाठी इग्नायटरकडून हजारो व्होल्टचा एक क्षणाचा झटका लागतो. त्यानंतर मात्र वीसपंचवीस व्होल्टवर तो जळत राहतो. आता बटन दाबल्यावर 'टक् टक्' ऐकू येते आणि दिवा पेटत नाही, तर झटका मिळतो आहे; दिवा म्हातारा झाला किंवा मागची वीज अपुरी आहे. टक् आवाजच नाही, तर झटकाच निघत नाही. मग पाहा, लॅम्पहाऊसचे दार नीट लागले का, पंख्याचा वारा पुरेसा आहे का, कारण दोन्हींना आपापले पहारेकरी बटन असते आणि ते समाधानी झाल्याखेरीज झटका सुटत नाही. मामा म्हणत त्याप्रमाणे, कान हा ऑपरेटरचा पहिला मीटर.

आता आम्ही आरंभी जे म्हटले त्याकडे वळतो, की या प्रश्नाचे घाईचे उत्तर प्राण घेते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एक धर्मादाय बाजार भरला होता आणि त्यात सिनेमाचा खेळ होता. तेथील दिवा ईथर आणि ऑक्सिजनवर चाले. तो मंदावला, त्यात ईथर भरावे लागले. अंधारात नीट दिसेना म्हणून काडी ओढली गेली. सव्वाशेहून अधिक माणसे जळून मेली, त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. दिवा का गेला आणि तो कसा लावावा, हे पाहण्याला मिनिटभर थांबण्याइतका धीर असता तर?

आणि आपल्याच देशातले उदाहरण. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात एकोणसाठ प्रेक्षक गुदमरून मेले. आग केबिनमध्ये लागली नव्हती. ती तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला लागली. त्याच दिवशी सकाळी त्याला एकदा आग लागून गेली होती आणि त्याची दुरुस्ती योग्य अवजाराशिवाय, हातोड्याने ठोकून, केली गेली. जोड सैल राहिला. संध्याकाळी तो जोड ठिणग्या टाकू लागला. बाल्कनीतील लोकांना बाहेर पडावयाच्या वाटा अडलेल्या होत्या. न्यायालयांपुढे हे सारे आले. ज्या तळमजल्यातून उजेड येतो त्या तळमजल्याकडे कोणी वळून पाहिले नाही, म्हणून वर चित्र पाहत बसलेली माणसे गेली. मामांचे सांगणे, वीज कुठून येते ते आधी पाहावे, हे नुसते कारागिराचे शहाणपण नाही, हे यावरून पटेल.

आता पगाराकडे येऊ. कारण आमचे खरे कार्यक्षेत्र ते आहे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मजुराच्या पगारातून काय कापता येईल आणि काय नाही याची रेघ आखली. मालकाने सोपविलेल्या वस्तूचे नुकसान झाले तर ते कापता येते, पण केव्हा? ते नुकसान थेट त्या माणसाच्या हयगयीमुळे किंवा चुकीमुळे झाले असेल तेव्हाच, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच. दंडालाही मर्यादा आहे. अलीकडे ती वेतनाच्या शेकडा तीन. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतनसंहितेने घेतली. पण ही रेघ तीत तशीच उतरली आहे.

या कलमाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. दिवा गेला, एवढे पुरत नाही. तो का गेला, हे शोधावे लागते. म्हणजे मामांनी पोराला विचारलेला प्रश्न कायदाच मालकाला विचारतो. एका थिएटरात (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही) झेनॉनचा दिवा खेळाच्या मध्यात फुटला. आरसा गेला, खेळ बंद पडला, तिकिटांचे पैसे परत करावे लागले. व्यवस्थापनाने ठरविले की दिव्याची किंमत ऑपरेटरच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापावयाची. तो माणूस घाबरून सही करायला निघाला होता. आम्ही त्याला म्हटले, "भाऊ, सही करण्याआधी तासांचा काटा पाहू." अशा मशीनवर दिवा किती तास जळला हे मोजणारा एक लहानसा काटा असतो. कंपनीने जेवढ्या तासांची हमी दिली होती त्याच्या पुढे कितीतरी तास तो दिवा जळला होता. केबिनच्या वहीत त्याच ऑपरेटरच्या हातची दोनदा नोंद होती : नवा दिवा मागवावा. आम्ही ती वही आणि तो काटा चौकशीत टेबलावर ठेवले. बोलावे फारसे लागले नाही. कपातीचा कागद मागे घेतला गेला.

त्या दिवसापासून संघटनेच्या प्रत्येक सभेत आम्ही दोन गोष्टी सांगू लागलो. एक, वही ठेवा. दिव्याची तारीख, तास, व्होल्ट, कोणी काय सांगितले, सारे लिहा. दुसरी, नवा दिवा घालण्याआधी जुना का गेला ते विचारा. जनरेटरची वीज चढतउतरत असेल, पंखा मंद असेल, होल्डर सैल असेल, तर नवा दिवाही आठ दिवसांत जाणारच. आणि तोही तुमच्याच नावावर पडणार. हयगय करणाऱ्याला पाठीशी घालावे असे आम्ही कधी म्हटले नाही. खऱ्या हयगयीलाही हाच शोध उघडी पाडतो. आमचे म्हणणे एवढेच की, अंधाराच्या सर्वांत जवळ जो उभा असतो, त्यानेच अंधार केला, असे धरून चालू नये.

१९८१ साली संसदेने सिनेमा कामगार आणि सिनेमागृह कामगार यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पाच किंवा अधिक माणसे असलेल्या सिनेमागृहांतील कामगारांना त्याने भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या कक्षेत आणले. पुढे २०२० च्या संहितेत तो विलीन झाला. तिकीट फाडणारा, झाडणारा, पोस्टर लावणारा, ऑपरेटर, या सर्वांना 'कामगार' हे नाव कागदावर मिळाले ते त्या कायद्याने. परंतु कायदा मिळेस्तोवर धंदा बदलू लागला. २००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट थिएटरात पोचविण्याची पद्धत आपल्या देशात आली, आणि पुढच्या आठदहा वर्षांत फिल्मची रिळे येणे जवळजवळ थांबले. मशीने भंगारात किलोच्या भावाने गेली. आर्कची फट कानाने ओळखणारी माणसे कोणी पंखे दुरुस्त करू लागली, कोणी इमारतीच्या दारावर पहारा देऊ लागली. नव्या यंत्राविरुद्ध आमची तक्रार नाही. नवा उजेड स्वच्छ आहे, त्यात धूर नाही. आमची तक्रार एवढीच की, मशीनची किंमत भंगारवाल्याने तरी केली. त्या माणसांच्या कसबाची किंमत कोणत्याच वहीत लिहिली गेली नाही.

कोणी म्हणेल, गेलेल्या गोष्टीचे आता काय? पण ती पुरती गेलेली नाही. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पुरे-अपुरे मिळून आज तीसच्या आसपास उरले आहेत. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत हाती नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, म्हणून निदान पुढचे पुष्कळ वाचले. पण डबा वाचला म्हणजे चित्र वाचले असे नाही. त्याच्यामागे दिवा लावणारा हात लागतो. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून हिंडणाऱ्या तंबू-सिनेमांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षे खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला; २०१६ साली कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. त्यात मशीने दुरुस्त करणारा एक कारागीर आहे, ज्याने स्वतःच्या अकलेने प्रोजेक्टर घडविला. जगाने त्याच्यासाठी टाळ्या वाजविल्या. तसे कारागीर आपल्या वस्त्यांतही आहेत. त्यांच्या दारावर पाटीदेखील नाही.

म्हणून नागपूरकरांपुढे आमचे मागणे मांडतो. आपल्या एखाद्या शाळेत, संस्थेत, जुन्या वाड्यात सोळा मिलिमीटरचे मशीन धूळ खात पडले असेल, तर ते भंगारात काढण्यापूर्वी एकदा आज सांगितलेल्या क्रमाने तपासा. बहुधा होल्डरचे टोक काळे पडलेले असेल, आणि दुसरे काही नाही. ते चालू झाले तर विज्ञानाच्या तासाला मुलांपुढे ठेवा. वीज, उष्णता, भिंग आणि डोळा हे चारही धडे त्या एका पेटीत आहेत. दुसरे, ज्यांनी पूर्वी केबिनमध्ये काम केले असे कोणी आपल्या मोहल्ल्यात असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि ते सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. आर्कच्या आवाजावरून फट ओळखणे कोणत्याही छापील पुस्तकात मिळणार नाही. त्यांची वये आता उतरणीला लागली आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्याजोगे नाही.

आणि तिसरे मागणे सिनेमाच्या बाहेरचे. पाण्याचा नळ कोरडा पडतो, आपण नळवाल्यावर ओरडतो. बस उशिरा येते, आपण कंडक्टरला बोलतो. दवाखान्यात औषध नसते, आपण खिडकीवरच्या बाईंना खडसावतो. कधी दोष त्यांचा असेलही. पण एकदा मामांचा प्रश्न विचारून पाहू : काय काय चालू आहे, आणि वीज कोठे अडली आहे? त्या प्रश्नाला मिनिटभर लागते. तेवढे मिनिट ज्या गावाची माणसे एकमेकांना देतात, त्या गावात कामगाराला संघटनेकडे धावावे लागण्याचे प्रसंग कमी येतील. आणि तसे झाले तर आमच्यासारख्याला आनंदच आहे.

 भाषण संपल्यावर कोणाला जुन्या मशीनविषयी काही विचारावयाचे असेल, तर आम्ही मंडपाच्या मागच्या बाजूला थांबू. येताना दिवा आणू नका. त्याच्यावर छापलेला आकडा तेवढा लिहून आणा.